आत्याबाईला मिशा असत्या तर खरंच काय झालं असतं?

प्रश्न असा आलाय: स्पेक्युलेटिव्ह फिक्शन म्हणजे नेमकं काय, ती विज्ञानकथाच का, आणि जे कधी घडलं नाही, घडणारही नाही, ते मोठ्या माणसांनी का वाचायचं. मी वीसेक वर्षं याच प्रकारचं लिहितोय आणि त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांच्या कथा संपादक म्हणून वाचतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल आणि त्यात माझी मतंही येणारच.

सुरुवात आपल्याच म्हणीपासून करतो. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. कुणी जर-तरचं बोलायला लागलं की आपण ही म्हण टाकतो आणि विषय मिटवतो. आता एकदा न मिटवता पुढे जाऊन बघा. आत्याबाईला खरंच मिशा आल्या, आणि एकटीला नाही, सगळ्याच आत्याबाईंना आल्या, तर? घरातलं महत्त्वाचं बोलणं चालू असताना तिला बसवून घेतील का? आजोबांच्या मागे घर कुणाच्या नावावर होईल? तिने मिशा काढल्या तर लोक काय म्हणतील, आणि नाही काढल्या तर काय म्हणतील? ज्या काकांना मिशा फुटतच नाहीत त्यांना मग घरात कोण विचारणार? हे चार प्रश्न विचारेपर्यंत मिशा बाजूलाच राहतात आणि मान कुणाला मिळतो, कशामुळे मिळतो, यावर गाडी येते. म्हण जिथे थांबते ना, तिथून हे साहित्य सुरू होतं.

व्याख्याच हवी असेल तर मी अशी करतो. ओळखीच्या जगातली एखादी गोष्ट लेखक मुद्दाम बदलतो आणि त्या बदलाचे परिणाम माणसांच्या जगण्यात कुठवर पोचतात ते प्रामाणिकपणे बघतो. यात विज्ञानकथा आली, फँटसी आली, भुताखेतांच्या कथा आल्या, इतिहास वेगळा घडला असता तर काय या कथा आल्या, उद्याचा समाज फार चांगला किंवा फार भयंकर दाखवणाऱ्या युटोपिया आणि डिस्टोपिया पण आल्या. म्हणजे विज्ञानकथा ही यातली एक खोली, अख्खं घर नाही.

शब्दाचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण त्यावरून फार गोंधळ होतो. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने १९४७ मध्ये एका लेखात स्पेक्युलेटिव्ह फिक्शन हा शब्द वापरला आणि तिथून तो रुजला, पण त्याच्या डोक्यात एवढं मोठं घर नव्हतं. नवीन यंत्राचं कौतुक करणाऱ्या कथा वेगळ्या आणि नवीन परिस्थितीत अडकलेल्या माणसाच्या कथा वेगळ्या असं त्याला म्हणायचं होतं, आणि हे दुसरं काम त्याला मोलाचं वाटत होतं. फँटसीला त्यात जागाच नव्हती. पुढे १९६० नंतर लेखक-संपादकांनी शब्द ताणून मोठा केला. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अॅटवुड परत तो अरुंद करतात, आज माणसाच्या हातात जे आहे त्यातूनच घडू शकेल ते स्पेक्युलेटिव्ह, आणि परग्रहावरचे लोक आले की ती विज्ञानकथा, असं त्यांचं म्हणणं, आणि अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांना ही फाळणी अजिबात मान्य नव्हती. माझं मत विचाराल तर हा वाद कपाटावर लेबल लावणाऱ्यांच्या कामाचा आहे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की बदल कुठला केलाय आणि तो शेवटपर्यंत पाळलाय का.

हे उदाहरणाशिवाय कळत नाही. कार्यशाळेत मी नेहमी एक खेळ घेतो. बदल एकच: शरीराचं दुखणं दुसऱ्या माणसाला देता येतं, तो तयार असेल तर, आणि काही तासांपुरतं. बास. बाकी जग आहे तसंच. पहिली दहा मिनिटं सगळे गोड गोड सुचवतात, आई बाळाची पोटदुखी घेईल, नवरा बायकोच्या कळा घेईल, मित्र मित्राच्या मोडलेल्या हाताचं दुखणं वाटून घेईल. मग कुणीतरी विचारतं, पैसे घेऊन दुखणं घेणारे निघतील का हो? निघणारच. मग दर ठरणार, दाढेचा वेगळा, मूतखड्याचा वेगळा, रात्रीचा वेगळा. दलाल येणार. कर्ज थकलं की सावकार म्हणणार, व्याज राहू दे, महिनाभर माझी कंबर तू घे. म्हाताऱ्या बापाचं दुखणं घ्यायला मुलाने नकार दिला तर तो वाईट मुलगा ठरणार का, आणि सुनेने नकार दिला तर? मारहाण झाली, जखम एकाच्या अंगावर आणि कळ दुसऱ्याच्या, मग फिर्याद कुणी द्यायची?

आणि एका बॅचमध्ये नर्सचं काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, अपेंडिक्स फुटायला आलेल्या माणसाने दुखणं देऊन टाकलं आणि निवांत झोपला तर तो मरेल ना? खोली एकदम शांत झाली. कारण दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक, आणि ती हाकच शेजाऱ्याच्या घरी गेली तर इथलं कुणी उठणारच नाही. इतका वेळ आम्ही सगळे दुखणं म्हणजे नुसता त्रास असं धरून चाललो होतो. रोज ज्याच्यासोबत जगतो त्या गोष्टीबद्दल असं काही कळायला आधी ती जागेवरून हलवावी लागली. माझ्या लेखी या साहित्याचं सगळ्यात मोठं काम हेच, ओळखीचं इतकं ओळखीचं झालेलं असतं की ते दिसेनासं होतं, मग ते उचलून परक्या जागी ठेवायचं म्हणजे परत दिसतं. डार्को सुविन नावाच्या अभ्यासकाने १९७९ च्या पुस्तकात विज्ञानकथेबद्दल हेच शास्त्रशुद्ध भाषेत मांडलंय, कथेत आणलेल्या त्या एका नव्या गोष्टीला तो नोव्हम म्हणतो, आणि तिच्यामुळे वाचक आपल्याच जगाकडे पाहुण्याच्या नजरेने बघायला लागतो.

त्याच खेळातून एकाने कथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात सहा पानं यंत्र होतं, बोटांना लावायचे चाप, वायरी, लाल दिवा, हिरवा दिवा, वेदना मेंदूत कशी पोचते त्याचा अख्खा धडा. आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ, दवाखान्याबाहेरच्या बाकावर दुखणं घेणाऱ्या बायका बसलेल्या असत. मी त्याला एवढंच सांगितलं की तुझी कथा त्या बाकावर बसलीये, तिला आत बोलव. दुसऱ्या खर्ड्यात त्या बायकांपैकी एकीची आठ वर्षांची मुलगी आली. तिच्या लक्षात येतं की आई जेवताना फक्त डाव्या बाजूने चावते. आईचे दात चांगले आहेत, एकही किडलेला नाही. पण दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या उजव्या दाढेचं दुखणं सोसून जबड्याला तशी सवय लागलीये. आणि काही दिवसांनी मुलगी पण डाव्या बाजूने चावायला लागते, का ते तिलाही माहीत नाही. एवढं वाचल्यावर मला पुढे यंत्राबद्दल काही जाणून घ्यायचं उरलंच नाही.

आता याच कथेत यंत्र काढून मंतरलेला दोरा घाला, फँटसी झाली. दुखणं देणारा माणूस केव्हाच मेलेला आहे असं करा, भयकथा झाली. गरिबाने श्रीमंताचं दुखणं घेतलंच पाहिजे असा कायदा करा, डिस्टोपिया झाली. आई तीच, बाक तोच. म्हणूनच मी म्हणतो की खोल्या वेगळ्या असल्या तरी घर एक आहे. आणि ही कथा खोटी आहे का? आपल्या खऱ्या जगातही कुणाचा तरी त्रास दुसरा कुणीतरी पैशासाठी अंगावर घेतच असतो, आपण त्याला काम म्हणतो आणि पुढे जातो.

बदल एकच का, हे लोक फार विचारतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९३० च्या दशकात आपल्या जुन्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावनेत याचं कारण दिलंय, त्याचा मथितार्थ असा की जिथे काहीही होऊ शकतं तिथे कशातच रस राहत नाही, म्हणून अशक्य गोष्ट एकच आणा आणि बाकी सगळं घरगुती ठेवा. त्याची १८९७ ची अदृश्य माणसाची कादंबरी बघा. माणूस अदृश्य झाला, पण कपडे अदृश्य नाहीत, म्हणून लपायचं तर थंडीत उघडंच फिरावं लागतं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहतं. चिखलाची पावलं उमटतात. कुत्र्यांना वास येतो. अदृश्य व्हायचं स्वप्न प्रत्येकाने लहानपणी बघितलेलं असतं, आणि इथे दहा-वीस पानांत कळतं की हा माणूस किती लाचार झालाय. एकच खोटं बोलायचं आणि बाकी प्रत्येक गोष्ट खरी सांगायची, हे सोपं नाही, मला अजूनही दर कथेला जड जातं. माझ्या पहिल्या काही कथांमध्ये मी तीन-तीन बदल एकदम करायचो आणि मग एकाचाही हिशेब पुरा व्हायचा नाही.

आता महत्त्व. बहुतेक लोक सांगतात की हे लेखक भविष्य ओळखतात म्हणून ते महत्त्वाचे. मला हे पटत नाही, आणि यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उदाहरणच मी घेतो. वेल्सने १९१४ च्या एका कादंबरीत अणुबॉम्ब हा शब्द वापरला, हे खरं. पण त्याचे बॉम्ब फुटून थांबत नाहीत, दिवसचे दिवस धुमसत राहतात, आणि विमानातला माणूस ते हाताने खाली टाकतो. तपशील चुकलाच. गंमत पुढे आहे. १९३२ मध्ये लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ती कादंबरी वाचली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्याला अणूच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. १९३४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे ते उघड होऊ नये म्हणून ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केलं, आणि नंतर त्याने स्वतः सांगितलं की याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं कारण मी वेल्स वाचला होता. म्हणजे प्रयोगशाळेत काही घडायच्या कितीतरी आधी या माणसाने जळालेली शहरं मनात बघितलेली होती. बॉम्ब बनायला त्याचाच हातभार लागला, ते टळलं नाही, पण जुलै १९४५ मध्ये तो वापरण्याविरुद्ध शास्त्रज्ञांचा जो अर्ज तयार झाला तोही झिलार्डनेच लिहिलेला. पुढे १९६१ मध्ये त्याचा स्वतःचा कथासंग्रह आला. कथेने त्याला यंत्राचा आराखडा दिला नव्हता, परिणामांची भीती आधी देऊन ठेवली होती.

रोबॉट शब्दाचंही तसंच. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातला तो शब्द, त्याच्या भावाने योसेफने सुचवलेला, चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगारी. पहिले रोबॉट लोखंडाचे नव्हतेच, माणसासारखेच हाडामांसाचे, कारखान्यात बनवलेले मजूर होते. आज रोबॉट म्हटलं की आपल्याला पत्रा आणि स्क्रू दिसतात, पण शब्दाच्या पोटात वेठबिगार बसलेला आहे.

आणि बदल यंत्राचाच असतो असं नाही. बेगम रोकेया या बंगाली लेखिकेने इंग्रजीत लिहिलेली एक छोटी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या एका मासिकात आली. त्या कथेतल्या स्वप्नातल्या देशात पुरुष पडद्याआड आहेत आणि राज्य, विद्यापीठं, विज्ञान सगळं बायका चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, हवेत गाड्या चालतात. पण मला आवडते ती सुरुवातीची छोटी जागा, स्वप्न बघणारी सुलताना दिवसाउजेडी रस्त्यावर बुजत चाललीये आणि जाणाऱ्या बायका तिला हसतात की ही किती पुरुषी दिसते. पुरुषी म्हणजे काय? तर लाजरी, भित्री. एक विशेषण उलटं केलं आणि सगळा समाज उलटा दिसला. सौरऊर्जेचं भाकीत केलं म्हणून ही कथा मोठी नाही, ज्या बाईला घराबाहेर सहज पडता येत नव्हतं तिने वेगळी व्यवस्था आधी मनात उभी केली म्हणून ती मोठी. त्यानंतर काही वर्षांतच रोकेयांनी मुलींची शाळा काढली, आणि १९११ मध्ये ती कलकत्त्यात सुरू झाली. कथेमुळे शाळा निघाली असं मी म्हणणार नाही, पण दोन्हीला लागणारी हिंमत एकच आहे, हे असंच असायला पाहिजे असं नाही, असं म्हणायची हिंमत.

इथे परत आत्याबाई आठवतात. ले ग्विन यांनी १९६९ च्या एका कादंबरीत असा ग्रह रचला की तिथली माणसं बहुतेक काळ स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात, आणि कुणालाही दिवस जाऊ शकतात. परिणाम काय? बाळंतपणामुळे मागे पडणारा असा वेगळा वर्गच तिथे तयार होत नाही. पण इंग्रजीत लिहिताना त्यांनी या लोकांसाठी पुरुषवाचक सर्वनाम वापरलं आणि त्यावर टीका झाली, पुढे त्यांनी स्वतः त्या निर्णयाचा फेरविचार केला. आता हीच कादंबरी मराठीत लिहायची असं समजा. आपल्याकडे सर्वनामावर भागत नाही, क्रियापदालाही लिंग आहे, आला, आली, आलं. ते आलं म्हटलं की बाळ किंवा वासरू डोळ्यांसमोर येतं, मोठं माणूस येत नाही. आदरार्थी आले म्हणून काही पानं निभतील, पण दोन जिवलग मित्र एकमेकांना अहो-जाहो किती वेळ करणार? हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळतोय आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण एका कल्पनेने माझ्याच भाषेचं एक असं दार दाखवलं जे बंद आहे हे मला माहीतच नव्हतं.

मराठीत या सगळ्याला आपण बराच काळ विज्ञानकथा एवढंच म्हणत आलो, आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली त्यात जयंत नारळीकरांचा वाटा फार मोठा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावामुळे नाही तर कथेमुळे निकाल लागावा, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पण त्या परंपरेचा एक उलटा परिणाम नव्या लेखकांवर दिसतो. त्यांना वाटतं विज्ञान बिनचूक असलं की कथा झाली. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा-सात कथांमध्ये एक प्राध्यापक असतो, तो पुतण्याला शोध समजावून सांगतो आणि पुतण्या मधेमधे विचारतो, म्हणजे कसं काका? ती माहिती आहे, ती लेखातही देता येते. कथेला माणूस लागतो ज्याचं त्या शोधामुळे काहीतरी जाणार आहे.

पळवाट आहे ही सगळी, असंही म्हणतात. काही कथा असतात तशा, आणि दमलेल्या माणसाने दोन तास दुसऱ्या जगात जाऊन यावं यात मला काहीच वाईट दिसत नाही. माझी खरी तक्रार वेगळ्याच कथांबद्दल आहे, ज्यात पाचशे वर्षांनंतरचं यान असतं, प्रकाशाच्या वेगाने जातं, आणि त्यात चहा मात्र बाईच आणून देते. तिथे लेखकाने इंजिन बदललं आणि स्वयंपाकघर बदलायचं विसरला. असं लिखाण वाईट का, तर ते नकळत सांगतं की बाकी सगळं बदलेल, हे नाही बदलणार.

कुणाला लिहून बघायचं असेल तर माझी पद्धत सांगतो. बदल एका वाक्यात लिहा, वाक्यात ‘आणि’ आला तर बहुधा दोन बदल झालेत, एक काढा. मग त्या बदलाचा फायदा कुणाला ते लिहू नका, ते सगळ्यांनाच सुचतं. त्याचा भार कुणावर पडतो ते शोधा, आणि त्या माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस लिहून काढा, उठणं, जेवणं, कुणाशी भांडणं, सगळं. कथा त्यातच कुठेतरी सापडते. यंत्र कसं चालतं ते स्वतःसाठी वहीत हवं तेवढं लिहा, कथेत जेवढ्याला हात लागतो तेवढंच ठेवा.

त्या दुखण्याच्या कथेचं शेवटी असंच झालं. तिसऱ्या खर्ड्यात सहा पानांचं यंत्र एका वाक्यावर आलं, आणि तेही मुलीच्या नजरेतून: चाप गार असतात म्हणून आई आधी ते आपल्या तळहातात धरून कोमट करते, आणि मगच समोरच्याच्या बोटांना लावते.